आमगावच्या नळीतला तांदूळ

चिपळूणहून गोंदियाला जायचं म्हणजे महाराष्ट्राची एक कड सोडून दुसरी कड गाठायची. आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, त्यांच्याकडे तो छत्तीसगडातून वर येतो. मधला सगळा महाराष्ट्र मी झोपून पार केला, त्यामुळे त्याबद्दल काही सांगत नाही.

मी काय करतो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. ते सोडलं आणि खेळ सुरू केले. धड घन नाही, धड पातळ नाही, अशा पदार्थांचे खेळ. मध, डांबर, साबणाचा फेस, वाळूचा ढीग, काच. पाण्याचं शास्त्र आहे, स्फटिकाचं शास्त्र आहे, पण ज्यांच्या आत कुठलीच शिस्त नाही आणि तरी जे उभे राहतात, अशा बेशिस्त पदार्थांचं शास्त्र अजून चाचपडतं आहे. माझंही आयुष्य त्याच जातीचं असल्यामुळे मला त्यांचा लळा आहे. शाळा, गणपती, गॅदरिंग, जिथे बोलावतील तिथे मी पेटी घेऊन हजर.

आमगावहून बोलावणं आलं ते सुनंदा मेश्रामचं. पुण्यात आम्ही एमएस्सीला एका बाकावर होतो. निकाल लागल्यावर मी पुण्यातच चहा पीत बसलो, ती गावाकडे परतली आणि तिथल्या एका संस्थेच्या कॉलेजात फिजिक्स शिकवू लागली. संस्थेचं नाव लिहीत नाही, लिहून काही फायदा नाही.

"खेडेकर," ती फोनवर म्हणाली, "तुझी नाटकं घेऊन ये. माझी प्रयोगशाळा जाऊन राहिली आहे."

संस्थेला तिचा हॉल डी. फार्मसीच्या वर्गांसाठी हवा होता. फिजिक्सला पोरं येत नाहीत, फार्मसीला रांग लागते. संस्थेचे अध्यक्ष एवढंच म्हणाले होते की गावाला या विषयात रस आहे असं दिसलं तर विचार करू. रस दाखवायचा म्हणजे माझं काम. मी लगेच हो म्हणालो. मला कुणी सोडवायला बोलावलं की मी फार खूश होतो.

गोंदिया

गोंदियात मराठी माणूस मराठी बोलायला सरसावला की समोरचा हिंदीत त्याची समजूत काढतो. स्टेशनबाहेर मी कोकणी थाटात विचारलं, "चहा गोड आहे का हो फार?" उत्तर आलं, "आप जैसा बोलो." याच्यापुढे भांडण होऊ शकत नाही.

बाजारात कॉर्नफ्लोअरची पोती घ्यायला गेलो. माझ्या मुख्य खेळाला तेच लागतं. दुकानदार पोती मोजताना थांबला.

"शादी है क्या? मंचुरियन?"

"नाही. पाण्यात कालवून त्याच्यावरून चालायचं आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पैदल?"

"पैदल."

"अच्छा," तो म्हणाला आणि उरलेली पोती जरा घाईने बांधून दिली.

आमगाव

जानेवारीत या भागातली धानाची शेतं कापून झालेली असतात, पण उघडी पडत नाहीत. धान उभा असतानाच त्यात लाखोळी नावाचं कडधान्य पेरून ठेवतात. धान गेला की ओलाव्यावर ती हिरवीगार पसरते. आमच्याकडे भात कापला की शेत पुढच्या पावसापर्यंत सुट्टीवर जातं. इथे शेताला सुट्टी नाही.

सुनंदाच्या घरी पहिल्या सकाळी आयते केले होते. तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं. मी म्हणालो, "हे आमचे घावणे."

"हे आयते आहेत," ती म्हणाली.

"घावणेच. आमच्याकडे नारळाच्या रसाबरोबर देतात."

"तुमच्याकडे नारळ आहेत म्हणून तांदूळ कसाही चालतो. इथे तांदळालाच चव लागते. खा."

मी मुकाट्याने खाल्ले. मुकाट्याने खाण्याइतके ते चांगले होते.

मग ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. दाराशी चपला काढायच्या. आत जाजम. देवघरात शिरावं तसं शिरायचं, आणि दार दोन्ही हातांनी धरून लावायचं, कारण आपटलेलं चालत नाही. कोपऱ्यात भिंतीला जखडलेली काचेची एक नळी होती, माझ्या डोक्यावरून वर गेलेली, मनगटाएवढी जाड. तिच्यात काठोकाठ तांदूळ. नळीचा तळ सुटा होता आणि खालच्या संवेदनशील काट्यावर टेकलेला.

"मॅडमचा चिन्नोर तपाले बसला हाय," प्रयोगशाळेतले परिचर रहांगडाले हळूच म्हणाले. चिन्नोर म्हणजे इथला वासाचा तांदूळ. खोलीत मोठ्याने बोलायचं नाही असा नियम नव्हता, पण त्यांनी तो स्वतःला लावून घेतला होता.

गंमत अशी असते. नळीत पाणी भरत गेलात तर तळावरचा भार वाढत जातो. तांदूळ भरत गेलात तर थोडा वेळ वाढतो आणि मग थांबतो. वरून कितीही ओता, तळाला कळतच नाही. दाणे एकमेकांना रेटतात, रेटलेले दाणे भिंतीला टेकतात आणि बाकीचा भार भिंती उचलतात. हे जुनंच ठाऊक असलेलं शास्त्र. सुनंदाचा प्रश्न पुढचा होता. तो तांदूळ तसाच, न हलवता, वर्षानुवर्षं ठेवला तर? उन्हाळ्यात काच किंचित फुगते, हिवाळ्यात आकसते, एखादा दाणा केसभर सरकतो, त्याच्यामुळे दुसरा, आणि कधीतरी दुपारी तळाचा भार अचानक बदलतो. का? कधी? त्या ढिगाला आपल्यावर काय काय गेलं ते आठवतं का?

"आठवतं," सुनंदा म्हणाली. "असं मला वाटतं. पण अजून थोडी वर्षं पाहिजेत."

तिने नळी भरली तेव्हा तिची लेक दहावीला होती. ती आता नागपूरला नर्स आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या मालगाड्यांचा हादरासुद्धा सुनंदाच्या आलेखात दिसतो, आणि तो वजा कसा करायचा हे तिने शोधून काढलं होतं.

"हॉल दिला तर ही दुसरीकडे हलवता येणार नाही?" मी विचारलं.

"नळी येईल. तांदूळ येईल." तिने काचेला हात न लावता बोट दाखवलं. "हे जे बसलंय, ते नाही येणार. एक धक्का लागला की सगळे दाणे नव्याने बसतात. मागचं सगळं पुसलं."

म्हणजे मला वाचवायची होती ती ही नळी. वाचकहो, तुम्हीही तिच्याकडेच लक्ष ठेवा.

चिचगड

खेळासाठी मला लाख हवी होती, झाडावरची, ताजी. पेटीतली लाख जुनी झाली होती आणि इतक्या जवळ जंगल असताना विकतची आणणं अपमानास्पद वाटलं. रहांगडाल्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून देवरीमार्गे चिचगडला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस आणि साग, आणि थंडी अशी की कोकणातल्या माणसाला ती खोटी वाटावी.

गावाच्या कडेला बुधनीबाई नावाच्या म्हातारबाई अंगणात पळसाच्या काटक्यांवरून लाख खरवडत बसल्या होत्या. घरचे सगळे जंगलात गेले होते. मी एक तुकडा उचलून दोन बोटांत दाबला, तो काचेसारखा कट्कन मोडला. उन्हात ठेवलेला दुसरा तुकडा मात्र वाकला. मी आनंदाने त्यांना सांगू लागलो, की ही लाख म्हणजे खरं तर काचच, थंडीत गोठलेली पण आतून पातळासारखीच अस्ताव्यस्त, आणि ऊब लागली की...

"कोठून आले जी?" त्यांनी मधेच विचारलं.

"चिपळूणहून. समुद्राकडून."

"एवढ्या दुरून लाख मोडाले आले?"

"दाखवायला नेतोय. लोकांना."

"लोकाइले लाख माहीत नाई?" त्या रहांगडाल्यांकडे वळल्या. "याइले घरी कोणी नाई का?"

"हायेत," रहांगडाले म्हणाले. "पर त्याइनंच पाठोलं असन."

बाई इतक्या हसल्या की त्यांनी आम्हाला बोरं दिली, मूठभर, मोहाच्या झाडाखालच्या बाजेवर बसवून. लाखही भरपूर दिली. ती पिशवी मी मफलरने गाडीला लटकवली, सायलेन्सरला लागून. देवरीला पोहोचेपर्यंत लाख वितळून गाडीला चिकटली, आणि सावलीत पाच मिनिटं थांबल्यावर तिची पुन्हा काच झाली. पिशवी, सायलेन्सर आणि माझा मफलर यांचं एकच ढेकूळ तयार झालं होतं.

"पाहा," मी हर्षाने म्हणालो, "हेच ते. हाच क्षण."

"माया गाडीले लाख लावली जी तुमी," रहांगडाले म्हणाले. "क्षण कायचा?"

त्यांनी किल्लीने सायलेन्सर खरवडून पाहिला आणि गाडी सुरू केली. आमगावात शिरताना म्हणाले, "मॅडमचा हॉल वाचला पाहिजे, सर. नाईतर हे सारं फुकट."

मांडव

या झाडीपट्टीत हिवाळा म्हणजे नाटकांचा हंगाम. गावोगाव मांडव पडतात, माणसं घोंगड्या घेऊन रात्रभर नाटक पाहतात आणि सकाळी कामाला जातात. आमच्याकडे नमन-खेळ्यांना गर्दी होते, पण इतका भुकेला प्रेक्षक मी पाहिला नव्हता. आदल्या रात्रीच्या नाटकाचा मांडव अजून उभा होता, मागे राजवाड्याचा पडदा लटकत होता. त्याच मांडवात दुपारी माझा खेळ ठरला.

सुनंदाने आधीच बजावलं होतं, "इथे नाटक मधे थांबवून पाहुण्यांचा सत्कार करतात. राजा मरायला टेकला असला तरी थांबतो. चिडू नकोस."

"मी कशाला चिडू? मी तर सत्कारासाठीच जगतो."

गर्दी दणकून आली. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भैयाजी म्हणतात. धिप्पाड, हसरे, पांढरा कडक झब्बा. त्यांच्याबद्दल मला काही वाईट लिहिता आलं असतं तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. ते मनापासून खेळ बघायला आले होते.

आणि मी रंगलो. ओली वाळू मुठीत घेऊन ती दाबल्यावर कोरडी का दिसते ते दाखवलं. लाख मोडली, वाकवली, मेणबत्तीवर तिचे धागे ओढले. नरसाळ्यातून धान सोडून तो मधेच अडवला आणि दाण्यांनी एकमेकांना धरून केलेली कमान पोरांना बोट घालून चाचपायला लावली. प्रत्येक खेळानंतर माझं ठरलेलं वाक्य म्हणत होतो, गेली कित्येक वर्षं म्हणतो, आणि दर वेळी टाळ्या मिळतात: "विज्ञान प्रयोगशाळेत कोंडलेलं नसतं. ते तुमच्या चुलीजवळ आहे, तुमच्या कोठीत आहे, तुमच्या मुठीत आहे." मांडव दुमदुमला. सुनंदा बाजूला विंगेत उभी होती. ती हसत होती असं मला तेव्हा वाटलं.

शेवटचा खेळ चालण्याचा. रंगमंचासमोर विटांची कड रचून, ताडपत्री अंथरून लांबट कुंड केलं होतं, त्यात कॉर्नफ्लोअरचं घट्ट पाणी. त्याच्यावर भराभर पाय आपटत गेलात तर ते दगड होतं, थांबलात तर पाणी. मी आधी पळून दाखवलं. मग पोरी पळाल्या. मग भैयाजी उठले.

"भैयाजी," मी माइकवरून सांगितलं, "थांबायचं नाही. काही झालं तरी थांबायचं नाही."

"अरे, आम्ही थांबणारे नाही," भैयाजी म्हणाले आणि जोडे घालूनच निघाले. धप् धप् धप्. झब्बा फडफडतोय, लोक ओरडतायत. कुंडाच्या मधोमध आले तेवढ्यात निवेदकाने आपलं कर्तव्य ओळखलं. "या ऐतिहासिक प्रसंगी मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार." दोघे कडेने शाल घेऊन धावले. फोटोवाला पुढे वाकला. आणि ज्या माणसाने आयुष्यात एकही सत्कार चालत्या पायांनी घेतला नव्हता, तो मान झुकवून उभा राहिला.

ते फार शांतपणे खाली गेले. पोटऱ्यांपर्यंत. हातात नारळ.

कार्यकर्त्यांनी त्यांना बगलेत धरून जोरात ओढलं, आणि जोरात ओढलं की हा पदार्थ जोरात धरतो. आणखी चार जण आले. भैयाजींची नुसती उंची वाढत होती, पाय जागेवर. शेवटी सुनंदा विंगेतून आली. कुंडाशी बसली.

"सोडा सगळे. भैयाजी, जोर लावू नका. पाय बोटाबोटाने वर घ्या. हळू. आणखी हळू."

तिचं ऐकून ते निघाले. एक जोडा आत राहिला. मांडव हसून लोळत होता, आणि भैयाजीही. मी मनात म्हटलं, जिंकलो.

भैयाजींनी तसेच, एका पायात जोडा, पांढऱ्या पिठाच्या पोटऱ्यांनी, माइक घेतला.

"मी इतने साल फिजिक्सला घाबरलो," ते म्हणाले. "आज सरांनी आँख खोल दी. सर काय बोलले? विज्ञान प्रयोगशाळेत नाही, चुलीजवळ आहे. टबात आहे. मग आपण तो मोठा हॉल कायले अडवून ठेवायचा? फार्मसीच्या पोरांना बसायला जागा नाही. आजपासून हॉल फार्मसीला. आणि मेश्राम मॅडम गावोगाव असा टब घेऊन जातील. संस्था गाडी देईल. मॅडमसाठी जोरदार टाळ्या."

टाळ्या पडल्या. मी पुढे होऊन माइक घेतला.

"भैयाजी, मी चुकीचं बोललो," मी म्हणालो. "चुलीजवळ फक्त गंमत दिसते. उत्तर शोधायला खोली लागते, दार बंद लागतं, वर्षं लागतात..."

लोक हसले. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "पाह्य, आता रडाचं सोंग करून रायला." दुपारभर मी इतके चेहरे करून दाखवले होते की त्यात हाही एक धरला गेला. मी आवाज चढवला, ते आणखी हसले. भैयाजींनी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि माझाही सत्कार करून टाकला.

सुनंदाला शाल पांघरली तेव्हा ती हात जोडून उभी होती. फोटोत ती छान आली आहे.

पुन्हा आमगाव

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "मी भैयाजींना जाऊन भेटतो. नीट बसून सांगतो."

"मी तीन वेळा नीट बसून सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर तुला बोलावलं. ते वाईट नाहीत रे. त्यांना कळलंच. तू जे सांगितलंस तेच कळलं."

ती एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचं एक प्रकरण लिहिलं असतं.

प्रयोगशाळेत सुतार आले होते. जाजम गुंडाळून झालं होतं, दार सताड उघडं, चपला घालून माणसं आत-बाहेर करत होती. काट्यावरचे आकडे वेड्यासारखे नाचत होते. रहांगडाले नळीसमोर हात पसरून उभे होते, रस्त्यात गाय आडवी उभी राहावी तसे.

"मॅडम, स्टोअरमधे नेऊ का? मी पकडतो, हळू हळू नेऊ."

"नको," सुनंदा म्हणाली. "आता काय नेता? तुम्ही घमेलं आणा."

"कायले?"

"आणा तर."

तिने तळाची चकती खिळीने अडकवून काटा काढून घेतला, घमेलं खाली सरकवलं आणि स्वतःच्या हाताने चकती जराशी फिरवली. तांदूळ सरसरत आला. थोडा आला आणि थांबला. आत दाण्यांनी तोंडाशी कमान धरली होती. आम्ही तिघे वाट पाहत राहिलो, जणू तो पुन्हा उभा राहणार होता. मग तिने काचेवर बोटाने टिचकी मारली. एवढी वर्षं तिने त्या काचेला हात लावला नव्हता. बाकीचा सगळा एकदम खाली आला. रहांगडाले सुतारांवर खेकसायला बाहेर गेले.

माझी गाडी संध्याकाळची होती. दुपारी जेवायला बसलो तेव्हा भैयाजींचा फोन आला. पुढल्या हिवाळ्यात असाच खेळ, मोठा मांडव, आसपासच्या गावांतही. "आपने तो कमाल कर दिया, सर." मी बघू म्हणालो.

सुनंदाने ताट वाढलं. लाखोळीच्या पाल्याची भाजी, वरण, मिरचीचा ठेचा आणि भात. वाफेला असा वास होता की मी न विचारताच ओळखलं. भरण्याआधी कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात राखलेला, कीड न लागलेला, नळीत वर्षानुवर्षं मुरलेला चिन्नोर.

"हा तोच?"

"मग काय फेकून देऊ? जुना तांदूळ आहे. लोक असला शोधत फिरतात."

मला तो वाईट लागायला हवा होता. घशाखाली उतरायला नको होता. पण शीत न् शीत मोकळं, लांबसडक फुललेलं, नुसतं खाल्लं तरी गोड. कोकणातला माणूस आहे मी, भात मला कळतो. एवढा चांगला भात मी आजवर खाल्ला नव्हता.

सुनंदाने स्वतःच्या ताटात भात घेतला नव्हता. ती सकाळचे गार आयते खात होती.

"आणखी वाढू?" तिने विचारलं.

मी ताट पुढे केलं.